कोरी करंगळी

माघातल्या एका सकाळी मी वसतिगृहाच्या मागच्या दगडावर कपडे धूत होते. फाटकावर कोणी भेटायला आलं आहे, असा निरोप आला. हात तसेच ओले घेऊन मी गेले. बाहेर आमच्या मोठ्या अबांचा सालदार तुळशीराम उभा होता. डोक्याचा रुमाल त्यानं काढून हातात धरला होता आणि माझ्याकडे न बघता तो फाटकाच्या कडीकडे बघत होता. "सुमनबाई, आपली फुलाबाई वारली जी," तो म्हणाला. "बायंतपनात. लेकरू बी नाई वाचलं. मोठे अबा आन् मोठी माय तिकडंच गेले, तुमाले घेऊन याले सांगतलं." मी ओले हात पदराला पुसत राहिले, म्हणून की काय, त्याला आणखी काही सांगावंसं वाटलं असेल. "ते लोक म्हनतेत का नखाच्या चमकीनं गेली. नखं रंगवून ठेवले होते म्हने, त्याच्यानं डाक्तरले काई समजलंच नाई." हे बोलताना त्याची नजर खाली माझ्या पायांवर गेली. मी अनवाणी होते. माझ्या पायांच्या अंगठ्यांवर, नखाच्या टोकाला, फुलाबाईनं भाऊबीजेला लावलेली चमकी अजून शिल्लक होती…

फुलाबाई माझी चुलत बहीण. पूर्ण नाव पंचफुला. मोठ्या अबांची, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची, ती एकुलती मुलगी आणि माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. आमचं गाव दिग्रसच्या अलीकडे. तिला दिलं होतं पार मारेगावच्या बाजूला. मला लेख लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे कसं लिहितात हे विचारायलाही घरी कोणी नाही. पुरवणीत थोर माणसांवर असे लेख येतात, ते मी वाचते. फुलाबाई थोर नव्हती. ती चौथीपर्यंत शिकली, मग कापूस वेचला, भाकरी केल्या, एक मुलगी वाढवली, आणि तिला नखांवर चमकी लावायला फार आवडायचं. एवढंच. हा लेख मी दोनदा लिहून फाडला. दुःखाचं लिहायला बसले की दोन्ही वेळा रागाचंच लिहून व्हायचं आणि मला वाटायचं, गेलेल्या माणसावर असं लिहू नये. आता वाटतं, रागाचं असेल तर रागाचं असू दे. खोटं नको.

चमकीची सुरुवात पोळ्याला झाली. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात आणि त्यांना सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगुळाचा लाल रंग लावतात आणि तो ओला असतानाच वरून बेगड चिकटवतात. बेगड म्हणजे रंगीत, चकचकीत, कागदाहून पातळ पत्रा. मोठे अबा शिंगं सजवायला बसले की वाटी धरायचं काम फुलाबाईचं. मोठ्या अबांची एक रीत होती. ती गावात दुसऱ्या कोणाच्या घरी नव्हती, बहुधा त्यांच्या वडिलांपासून आलेली असावी. दोन्ही शिंगं सजवून झाली की ते एका शिंगाचं टोक बोटभर कोरं ठेवायचे. लोक हसायचे, "काहून जी, बेगड सरला काय?" मोठे अबा शांतपणे म्हणायचे, "सारं झाकलं का नजर लागते. थोडंसं उघडं ठेवा लागते. पाहनाऱ्याले जनावर पाह्यता आलं पाह्यजे." मी तेव्हा फार लहान होते. मला ते टोक राहून गेलेलं वाटायचं.

एका पोळ्याला फुलाबाईनं उरलेला बेगड पदराच्या गाठीत बांधला आणि वाटीच्या तळाचा हिंगूळ पुसून घेतला. गोठ्याच्या मागे बसून तिनं बेगड कात्रीनं कापला, पुन्हा कापला, इतका बारीक की फुंकर मारली तर उडावा. आधी चुलीतल्या राखेनं हात धुतले, कारण नखाला तेल असलं की चमकी धरत नाही, हे तिचं तिनंच शोधून काढलं होतं. मग काडीनं हिंगूळ, त्यावर चिमटीनं चमकी, आणि कोरड्या बोटानं हलकेच दाबणं. संध्याकाळी ती हात पुढे धरून अंगणात आली तेव्हा मोठी आई, म्हणजे फुलाबाईची आई, भाकरी टाकायची थांबली. "पंचफुले, तू का बैल हायस का व, शिंगं रंगवाले?" सगळे हसले. फुलाबाईही हसली. "बैलाले एक रोज तरी सजवतेत, माय. मले बी सजू दे नं." मी तिचा हात धरून बघत बसले. डाव्या हाताच्या करंगळीला काहीच लावलेलं नव्हतं. "हे राह्यलं ना व," मी म्हटलं. ती म्हणाली, "राह्यलं नाई, ठेवलं. हे माह्यं शिंगाचं टोक."

त्यानंतर तिनं कधीही नखं सजवली तरी डाव्या हाताची करंगळी कोरीच असायची. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं. गल्लीतल्या बायकांना माहीत होतं. त्या तिला चिडवायच्या, "फुले, करंगळीनं काय पाप केलं व?" लग्नात तिच्या मेंदीवाल्या बोटांवरही तिनं तेच केलं, आणि तिच्या सासूनं लग्नमंडपातच तो हात उचलून विचारलं होतं, "हे एक बोट काहून सुनं?" मोठी आई घाईघाईनं म्हणाली होती, "आमच्या घरची रीत हाये, इहिनबाई." मी हे एवढं सविस्तर सांगते आहे, कारण पुढे ते लागणार आहे. सासूबाईंना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

लग्नानंतर ती वर्षातून एखाद्या वेळेस भेटायची. मारेगावहून दिग्रसला जाताना मधे यवतमाळ लागतं. मी कॉलेजात आले त्या वर्षी ती छबीला, आपल्या मुलीला, कडेवर घेऊन वसतिगृहावर मला पाहायला आली. माझी खाट, माझी पुस्तकं, खाटेजवळची खिडकी, सगळं हात लावून बघितलं. "एवढी मोठी खिडकी तुह्या एकटीची?" म्हणाली. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीकडे नखांचं पॉलिश होतं. फुलाबाईनं ते उघडून हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि लगेच म्हणाली, "हे हिंगुळाहून चांगलं व. हे भांडे घासताना निघनार नाई." बाजारातल्या मनिहारी दुकानातून मी तिला बिनरंगी पॉलिशची एक शिशी घेऊन दिली. बसस्टँडवरच्या बाकावर बसून तिनं पदराची गाठ सोडली. लग्न झालं, पोर झाली, तरी ही बाई गाठीला बेगडाची चमकी बांधून फिरत होती! कागदाची पुंगळी करून तिनं ती शिशीत ओतली, बूच लावलं, हलवली आणि उन्हात धरली. छबी टाळ्या वाजवायला लागली. "पाह्य सुमे," ती म्हणाली, "शिशीतच पोळा भरला." ती शिशी तिनं आम्हा बहिणींना जितकं जपलं नसेल, तितकी जपली.

आता भाऊबीज. ही आमची शेवटची भेट. ती माहेरी आली तेव्हा पाचवा-सहावा महिना होता. बैलगाडीतून उतरून ओसरीच्या दोन पायऱ्या चढली आणि खांबाला धरून उभी राहिली. छातीचा भाता चालला होता. चेहरा जुन्या पिठासारखा दिसत होता. पायावर बोट टेकवलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. चुलीच्या कडेची भाजकी माती ती कुरतडून खात होती. आम्ही हसलो तर म्हणाली, "काय करू व, मातीचा वास आला का राह्यवतच नाई." दुपारी तिनं मला समोर बसवलं, राखेनं माझे हातपाय धुवायला लावले आणि शिशी काढली. माझी नखं करताना ती दोनदा थांबून भिंतीला टेकली. मग तिनं स्वतःची करायला घेतली. तिची नखं मधे दबून पळीसारखी झाली होती, कडा फाटलेल्या. "पाह्य, रंग मधातच साचते," ती म्हणाली. "वेचनीत बोंडाचे टोकं कडेनं टोचतेत, नखं फाटतेत. हे लावलं का थोडे दिवस धरून राह्यतेत." मी विचारलं, "या दिवसांत बी वेचाले जातं?" ती हसली. "बैलाले आवतन असते सुमे. मले कोन देते?"

तिची डाव्या हाताची करंगळी कोरी होती. मोठ्या आईनं ती पाहिली आणि तिच्या हातातला तवा खाली आला. ते नख गुलाबी नव्हतंच. लिहायच्या कागदासारखं होतं. दुसऱ्या दिवशी भाऊजी, म्हणजे फुलाबाईचे यजमान, तिला न्यायला आले. मोठी आई जावयासमोर सहसा येत नाही. त्या दिवशी ती आली. फुलाबाईचा हात धरून तिनं तो त्यांच्यासमोर केला आणि म्हणाली, "जवाईबापू, हे नख पाह्या पोरीचं. कागदावानी झालं. रगत नाई आंगात. चार महिने राहू द्या इथं. नाईतं तिकडं दवाखान्यात तरी दाखवा." भाऊजींनी पाहिलं. मी तिथे दाराशी होते, मी त्यांना पाहताना पाहिलं. ते म्हणाले, "वेचनी अर्ध्यात हाये, मामी. बाया भेटत नाई. वेचनी झाली का दाखवतो." मोठे अबा म्हणाले, "मी दोन बाया धाडतो वेचाले." भाऊजी हसून म्हणाले, "लोक काय म्हनतीन जी? बायको माहेरी बसली आन् सासऱ्यानं रोजदार धाडले?" फुलाबाई गाडीत बसली. छबीनं मागे वळून दोन्ही हात हलवले. तिच्याही नखांवर चमकी होती आणि तिचीही डावी करंगळी कोरी होती.

तुळशीरामबरोबर मी एस.टी.नं मारेगावला आणि तिथून पायी त्यांच्या गावी पोचले, तेव्हा सगळं उरकलेलं होतं. ओसरीवर बायका बसल्या होत्या. सासूबाई मधे होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकीला त्याच शब्दांत तेच सांगत होत्या. "लय हौस व माय तिले नखाची. डाक्तरनं हात हाती घेतला आन् कपायालेच हात लावला. म्हने, नखं रंगवून ठेवता, मंग आमाले काय दिसनार? आता सांगा, डाक्तरलेच दिसलं नाई, त आमाले काय दिसते?" ऐकणाऱ्या बायका मान हलवायच्या. एक म्हणाली, "आजकालच्या पोरीइचे थेरच असे." दुसरीनं माझ्याकडे पाहून आवाज खाली आणला, पण मला ऐकू येईल इतकाच. "इनंच आनून देल्ली म्हने शिशी. शाळंतली हाये."

मला बोलता येत नाही पटकन. वर्गातही प्रश्न विचारला की माझं उत्तर तास संपल्यावर तयार होतं. मी उठून मागच्या अंगणात गेले. तिथे फुलाबाईची थोरली जाऊ भांडी घासत होती. वयानं मोठी, अबोल बाई. लग्नात मी तिला पाहिलं होतं. तिनं मला पाणी दिलं आणि भांडी घासता घासताच, वर न बघता, बोलायला लागली. फुलाबाईला सातव्या महिन्यापासून पाण्याचा हंडा उचलवत नव्हता. ती अर्धाच भरून आणायची, त्यावरून घरात बोलणी व्हायची. वेचायला गेली की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसायची, त्यावरही बोलणी. "आळशी म्हनत होते. मी म्हटलं होतं येका डाव, तिले दाखवून आना म्हून. तं माह्यावरच उलटले." मग ती थोडी थांबली. "पुसाच्या महिन्यात आमच्या जांभळ्या बैलानं कडबा खाल्ला नाई. मामंजींनं त्याचा ओठ उचलला, हिरड्या पाह्यल्या, डोये पाह्यले. म्हने रंग बदलला. त्याच दिवशी गाडी जुपून मारेगावहून ढोराचा डाक्तर आनला."

तिनं एवढंच सांगितलं आणि राख घेऊन परातीला लावायला लागली. मी उकिरड्याजवळ उभी होते. राखेत आणि शेणात ती शिशी पडली होती. बूच पांढरं होतं, म्हणून दिसली. मी ती उचलून पदराला पुसली.

यवतमाळला परत आल्यावर मी चौकशी केली. मी कला शाखेत आहे, मला वैद्यकातलं काही कळत नाही. आमच्या वसतिगृहात मुलींना तपासायला एक नर्सबाई येतात. त्यांना मी विचारलं की, रक्त कमी झालेलं फक्त नखांवरून कळतं का? त्या म्हणाल्या, कोण सांगतं असं? त्यांनी स्वतःची खालची पापणी बोटानं ओढून दाखवली, जीभ दाखवली, तळहात दाखवला. धाप, सूज, माती खाण्याची इच्छा, हेही म्हणाल्या. मग माझी करंगळी धरून तिचं नख दाबलं आणि सोडलं. नख पांढरं झालं आणि लगेच लाल झालं. "हे असं परत यायला हवं," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी काय म्हटलं आणि काय नाही, हे मला माहीत नाही. मी तिथे नव्हते. कदाचित घाईत, चिडून, एखादं वाक्य त्यांच्या तोंडून गेलंही असेल. आदल्या रात्रीपासून कळा देत असलेली, अंगात रक्त नसलेली बाई दुपारी बैलगाडीतून समोर आणल्यावर माणूस चिडेल नाही तर काय करेल? पण त्या एका वाक्यावर एक आख्खं घर जाऊन बसलं. ते वाक्य त्यांना सापडलं आणि सगळे सुटले. सासू सुटली, सासरा सुटला, नवरा सुटला. अडकली फक्त फुलाबाई. मरून गेल्यावरही तिचाच दोष. तिनं जर चमकी लावली नसती, तर…

या "तर"चा मला फार राग येतो. पापण्यांना तिनं रंग लावला होता का? जिभेला बेगड चिकटवला होता? सुजलेले पाय तिनं कुठे लपवले होते? ती त्याच पायांनी त्यांच्या वावरात चालत होती. वर्षानुवर्षं ज्या घरानं बैलाचा ओठ उचलून हिरडीचा रंग पाहिला, त्या घराला रंग ओळखता येत नव्हता, हे मी कसं मानू?

तेरवीला मी पुन्हा गेले. पंगत उठली होती, पुरुष ओसरीवर पान-सुपारी खात बसले होते, बायका दारात. मोठे अबा एका कोपऱ्यात, पागोटं मांडीवर ठेवून. पागोट्याच्या शेवाशी ते बोटानं चाळा करत होते. उशिरा आलेल्या एका पाहुणीला सासूबाई पुन्हा सांगायला लागल्या, "लय हौस व माय तिले नखाची…" मी उभी राहिले. मला आधी ठरवून उभं राहता आलं नसतं. पाय उभे राहिले. "एक नख कोरं होतं," मी म्हटलं. आवाज फाटला. सासूबाई थांबल्या. "काय म्हनतं?"

"डाव्या हाताची करंगळी. ते बोट कधीच रंगवत नव्हती फुलाबाई. तुमाले लग्नापासून ठावूक हाये, मावशी. तुमीच मांडवात तिचा हात धरून इचारलं होतं." मग मी भाऊजींकडे वळले. "भाऊजी, भाऊबीजेच्या दुसऱ्या रोजी मोठ्या मायनं तुमाले काय दाखवलं होतं?" भाऊजी सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. सासरे म्हणाले, "हे बोलाची येळ नाई, बाई." सासूबाई म्हणाल्या, "कालेजात हेच शिकवतेत का व? मयताच्या घरी येऊन भांडाचं?" मोठी आई माझा पदर ओढत होती. मला अजूनही वाटतं, तिथे मी रडले असते आणि बसले असते, आणि सगळं होतं तसंच राहिलं असतं. पण दाराच्या आतून आवाज आला. जाऊ होती. नेहमीसारखीच, वर न बघता. "होती कोरी," ती म्हणाली. "मी रोज पाहत होती. भाकर वाढताना पाहत होती. पांढरी फट्ट होती. आपन साऱ्याईनंच पाह्यली."

भाऊजी अडकित्ता खाली ठेवून उठले आणि गोठ्याकडे गेले. ते रडायला गेले की रागानं गेले, मला माहीत नाही आणि मला ते जाणून घ्यायचंही नाही. मोठ्या अबांनी पागोटं डोक्याला बांधलं, इतक्या सावकाश की सगळे त्यांच्याकडेच बघत राहिले. मग ते सासऱ्यांना म्हणाले, "आमी आवतन देल्लं होतं इवाई. चार महिन्याचं. तुमी नाई म्हनलं." एवढंच. ते आयुष्यात कोणाला मोठ्यानं बोललेले नाहीत. तेव्हाही बोलले नाहीत. पण सासऱ्यांनी मान खाली घातली, ती आम्ही निघेपर्यंत वर केली नाही.

निघण्यापूर्वी छबी मला शोधत मागच्या अंगणात आली. तिनं दोन्ही हात मागे लपवले होते. मी पुढे घे म्हटलं तर घेईना. शेवटी मीच धरले. तिची सगळी नखं कोणीतरी चाकूनं खरवडली होती. चमकी गेली होती आणि नखांवर पांढऱ्या रेघोट्या उमटल्या होत्या, एका बोटाची कातडीही निघाली होती. "आजीनं काढली," ती म्हणाली. "म्हने तुही माय यानंच मेली." मग माझ्या तोंडाकडे बघून, अगदी हळू, "मावशी, खरं व?"

पाच वर्षांची पोर. तिला जन्मभर कोण काय सांगणार होतं, ते त्या अंगणात मला समोर दिसलं. मी म्हटलं, "नाई. खोटं हाये." तिला दगडावर बसवलं, राखेनं तिचे हात धुतले, कातडी निघालेलं बोट सोडून. पिशवीतून शिशी काढली. चमकी तळाला बसली होती. उलटी धरली, हलवली, आणि ती वर आली. मी एकेक नख करत गेले. मला फुलाबाईसारखं येत नाही, रंग कडेला पसरत होता. छबी श्वास रोखून बघत होती. डाव्या हाताच्या करंगळीशी आले तेव्हा तिनं स्वतःच ते बोट मुठीत मिटून घेतलं. "हे नाई," म्हणाली. "हे ठेवा लागते." मी ती मूठ उघडली आणि कोऱ्या नखावर बोट दाबलं. ते पांढरं झालं. सोडलं. लाल परत आलं. मागे दारात सासूबाई उभ्या होत्या. केव्हापासून, ते माहीत नाही. "पुन्हा सुरू केलं का?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "हो. पन हे उघडं हाये. रोज पाहत जा." त्या पाठ फिरवून आत गेल्या. ही बाई बदलली, असं मी लिहिणार नाही. मला तसं दिसलं नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की, त्या दिवशी त्यांनी छबीची नखं पुन्हा खरवडली नाहीत, कारण गाडी निघेपर्यंत जाऊ त्या पोरीला कडेवर घेऊन उभी होती.

ती शिशी माझ्या खिडकीत आहे. फुलाबाई म्हणाली होती ती, एवढी मोठी खिडकी. सकाळी ऊन येतं तेव्हा तळाला बसलेली चमकी दिसते. पॉलिश आता घट्ट होत चाललं आहे, लवकरच वाळेल. मी दर सुट्टीत मारेगावच्या बाजूला जाणार आहे. त्यांना आवडो न आवडो. माझ्या पायांच्या अंगठ्यांवरची भाऊबीजेची चमकी नख वाढत गेलं तशी टोकाला सरकत गेली आणि परवा शेवटची रेघ नखाबरोबर कापली गेली. हातांवर तर ती कधीच राहिलेली नव्हती. आता माझी सगळीच नखं कोरी आहेत. तरी अभ्यासाला बसले की मी डाव्या हाताची करंगळीच दाबून पाहते. पांढरी होते… सोडली की लाल होते. याला किती वेळ लागतो? पापणी लवायला लागतो तेवढाही नाही. फुलाबाईकडे पाहायला त्या घराला एवढाच वेळ लागला असता.